बारशाच्या पत्रिकेवर अर्थ छापण्याआधी: शिकागोच्या मोफत कोशसंग्रहाबद्दल

शिकागो विद्यापीठाने आपल्याकडच्या भाषांचे जुने-नवे कोश एका संकेतस्थळावर ठेवले आहेत. त्याचं नाव 'डिजिटल डिक्शनरीज ऑफ साउथ एशिया'. हेच नाव मोबाइलवर टाकलं की सापडतं. पैसे लागत नाहीत आणि कोणी नाव-नंबर मागत नाही. उदगीरला माझं छपाईचं दुकान आहे. डिझाइन करायचं कोरल ड्रॉ उघडलं की त्याच्या शेजारी हे पान मी उघडून ठेवते. लग्नपत्रिका, बारशाच्या पत्रिका, फ्लेक्स, दुकानाच्या पाट्या, शाळेची स्मरणिका असं शब्दांचं काम ज्याला पडतं, त्या प्रत्येकाने हे वापरायला हवं असं मला मनापासून वाटतं, म्हणून सविस्तर लिहिते.

आमचं दुकान वडलांनी सुरू केलं तेव्हा खिळे जुळवून छपाई व्हायची. एकेक अक्षर हाताने उचलून ओळीत बसवायचं म्हणजे शब्दाकडे आपोआप लक्ष जायचं. आता ग्राहक व्हॉट्सॲपवर मॅटर पाठवतो, आपण ते उचलून डिझाइनमध्ये टाकतो, तासाभरात कार्ड तयार. मधल्या मध्ये कोणीच शब्दाकडे बघत नाही. आणि हल्ली बारशाच्या पत्रिकेत बाळाच्या नावाखाली त्याचा अर्थ छापायची पद्धत पडली आहे. नाव मोबाइलमधल्या ॲपवरून येतं, अर्थही तिथूनच. त्या अर्थामागे कोणता ग्रंथ, कोणती भाषा, याचा पत्ता नसतो. पत्रिका मात्र घरात वर्षानुवर्षं जपून ठेवतात. पोर मोठं झाल्यावर तीच उघडून आपल्या नावाचा अर्थ वाचणार असतं. त्या छापील ओळीची जबाबदारी छापणाऱ्यावरही असते, असं मी मानते.

उदगीरचं एक वेगळेपण सांगायला हवं. बिदर जवळ, म्हणजे कन्नड शेजारी. देगलूरच्या अंगाने गेलं की तेलुगू सुरू. उर्दू तर गावातलीच. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे कचेरीचे शब्द फारसी-अरबी वळणाचे. एखादा शब्द मराठी कोशात दिसला नाही म्हणून तो शब्दच नाही, असं इथे म्हणता येत नाही. तो शेजारच्या खोलीत असू शकतो. शिकागोच्या संग्रहाचं मला सगळ्यात मोल वाटतं ते यासाठी, की या सगळ्या खोल्या एकाच घरात आहेत.

मराठीसाठी तिथे मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आहे, १८५७ची दुसरी आवृत्ती, साठ हजारांच्या आसपास शब्दांची. दाते आणि कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आहे. त्याचे सात भाग १९३२ ते १९३८ मध्ये निघाले आणि पुरवणी १९५० मध्ये. १९११चा वझे यांचा शालेय कोश आहे. तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा १९९९चा जुन्या मराठीचा कोश आहे, ज्यात शिलालेखांपासून साधारण १३५० पर्यंतची मराठी येते. उर्दूसाठी १८८४चा प्लॅट्स, फारसीसाठी १८९२चा स्टाइनगास. तेलुगूसाठी ब्राऊन. संस्कृतसाठी आपल्या वामन शिवराम आपट्यांचा कोश. शिवाय दोन मोठे तुलनात्मक कोश. टर्नरने संस्कृतापासून मराठी, हिंदी, गुजराती, बंगाली अशा भाषांत शब्द कसा उतरला ते मांडलंय, आणि बरो व एमेनो यांनी तमिळ, कन्नड, तेलुगू वगैरे द्राविडी भाषांतले सख्खे शब्द एकत्र लावलेत. बरो-एमेनोंच्या कोशात कन्नड रूपंही मिळतात. आमच्या भागासाठी ही मोठी सोय आहे.

आता प्रत्यक्ष कामाचं सांगते, कारण कोणत्याही कोशाची परीक्षा शब्द विचारल्यावरच होते.

एका जोडप्याने मुलाचं नाव आणलं 'रियांश', अर्थ 'सूर्याचा अंश'. त्यातला 'अंश' खरा आहे, कोणत्याही संस्कृत कोशात मिळतो. 'रि'चं काय? री किंवा रि हा संस्कृत धातू आहे, सुटणं, वाहणं अशा अर्थाचा. सूर्य या अर्थाचा दाखला मला आपट्यांत मिळाला नाही. 'रवि'वरून आलं म्हणावं तर रवि आणि अंश यांचा संधी 'रव्यंश' होतो, आणि विष्णूचा अंश 'विष्ण्वंश'. शाळेत शिकवलेला हाच यण्-संधी. मी त्यांना पडदा दाखवला आणि म्हटलं, नाव तुमचं, आवडीचं, ते ठेवायला कोणाची परवानगी लागत नाही. फक्त 'संस्कृतात सूर्याचा अंश' ही ओळ मी छापणार नाही. तो अर्थच हवा असेल तर 'सूर्यांश' आहे, 'शिवांश', 'देवांश' आहेत. सरळ जुळलेले शब्द आहेत, अर्थही तोच निघतो. बाळाच्या आत्याने शेवटी नाव तेच ठेवलं आणि अर्थाच्या जागी आजी-आजोबांची नावं घालायला सांगितली. मला तो निर्णय फार आवडला.

'कियान' या नावाची गोष्ट वेगळी. ॲप त्याला संस्कृत म्हणतं आणि 'देवाची कृपा' असा अर्थ देतं. संस्कृत कोशांत या अर्थाचं काही हाती लागत नाही. स्टाइनगासमध्ये गेलं की उलगडा होतो. फारसीत 'कै' म्हणजे राजा, 'कयान' हे त्याचं अनेकवचन. इराणच्या पुराणकथांतल्या कयानी राजघराण्याचं नाव त्यावरून आलं. आजही इराणात मुलांचं नाव 'कियान' ठेवतात. म्हणजे शब्द अस्सल आहे, त्याचं गाव तेवढं चुकीचं सांगितलं होतं. बाळाचे वडील बँकेत नोकरीला, त्यांना 'राजवंश' हा अर्थ देवाच्या कृपेइतकाच आवडला. पत्रिकेवर आम्ही 'फारसी: राजे, राजवंश' असं छापलं.

काही नावांच्या बाबतीत मात्र ॲपवर शंका घेतलेली असूनही नाव भक्कम निघतं. 'आरुषी'च्या वेळी असंच झालं. हे आजकालचं गोड वाटणारं नाव असावं अशी सगळ्यांची समजूत. पण महाभारताच्या आदिपर्वात आरुषी आहे, मनूची मुलगी, च्यवन ऋषीची बायको, और्वाची आई. हे मला मोनियर-विल्यम्सच्या १८९९च्या कोशावरून समजलं. तो जर्मनीतल्या कोलोन विद्यापीठाच्या संस्कृत कोशसंग्रहात मोफत आहे. त्या कोशात एक खूण फार कामाची आहे. जो शब्द फक्त जुन्या कोशकारांनी नोंदवलाय आणि प्रत्यक्ष कोणत्या ग्रंथात सापडलेला नाही, त्याच्यापुढे तसं सांगणारं अक्षर असतं. अर्थाच्या मागे किती आधार आहे, हे वाचणाऱ्याला कळावं एवढी काळजी सव्वाशे वर्षांपूर्वी घेतलेली. नावांच्या ॲपमध्ये मला नेमकी हीच काळजी कुठे दिसली नाही. तिथे वेदातला शब्द, हिंदी बोलीतला शब्द आणि काल कोणीतरी जुळवलेला शब्द एकाच ओळीत, एकाच ठसठशीत अक्षरात उभे असतात.

मधला एक प्रकारही असतो. 'अद्विक' घ्या. अर्थ सांगतात 'अद्वितीय'. हा शब्द तयार रूपात मला मिळाला नाही, पण 'द्विक' म्हणजे दोनाचं, जोडी, हा संस्कृतात आहे. त्याला 'अ' लावला की 'ज्याला दुसरं नाही' असा अर्थ व्याकरणाला धरून काढता येतो. अशा वेळी मी अडवत नाही. नवा शब्द घडवणं ही भाषेची जुनी रीत आहे, घडवण्याला नियम असला म्हणजे झालं. 'विहान'ही तसाच टिकणारा. त्याची पाळंमुळं शोधायला प्लॅट्समध्ये 'बिहान' बघावं: पहाट, सकाळ. भोजपुरी-हिंदीत हा रोजचा शब्द आहे.

'मायरा' या नावाने मला सगळ्यात जास्त आनंद दिला. आमच्या गिऱ्हाइकाकडे अर्थ होता 'प्रिय'. इंग्रजीत हे नाव पहिल्यांदा आणलं ते फल्क ग्रेव्हिल नावाच्या कवीने, १५५४ ते १६२८ हा त्याचा काळ. कवितेतल्या प्रेयसीसाठी त्याने ते रचलं असं मानतात. म्हणजे त्याच्याआधी इंग्रजीत हे नावच नव्हतं. हे मी सांगत असताना दुकानात एक मारवाडी काकू लेकीच्या लग्नाची पत्रिका तपासायला बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, मायरा म्हणजे आमच्यात मामाचा आहेर. बहिणीच्या घरी लग्न निघालं की भाऊ घेऊन येतो तो." राजस्थानीत हा शब्द पक्का आहे. नानीबाईचा मायरा ही तिकडची घरोघरी सांगितली जाणारी कथा. बाळाचा मामा शेजारीच उभा होता. त्याने हा अर्थ ऐकला, पत्रिकेचे पैसे स्वतः दिले आणि "हाच अर्थ टाका ताई, मोठ्या अक्षरात," म्हणाला. कोश कितीही मोठा असला तरी बाकड्यावर बसलेल्या माणसालाही विचारावं, ही सवय मला तेव्हापासून लागली.

अकीक्याच्या, म्हणजे मुस्लिम घरातल्या बाळाच्या समारंभाच्या, कार्डांना तर कोश उघडल्याशिवाय मी हात लावत नाही. एका घरात मुलाचं नाव 'झियान' ठरलं होतं. अरबीत 'झैन' म्हणजे शोभा, त्यावरून आलेलं नाव त्यांना हवं होतं. स्टाइनगासमध्ये फारसी 'झियान' पुढे लिहिलंय नुकसान, तोटा. उर्दूतही 'सूद-ओ-झियां' म्हणजे नफा-तोटा. मी मुलाच्या आजोबांना फोन करून एवढंच म्हटलं, "चाचा, एकदा मौलवीसाहेबांना विचारून घ्या, मग छापू." दुसऱ्या दिवशी त्यांचा निरोप आला, नाव 'झैन'. एका स्वराने अर्थ कुठल्या कुठे जातो, आणि देवनागरीत लिहिताना तो स्वर आपण कसाही लिहितो. अशा कामाला हा संग्रह नसता तर मी काय केलं असतं ते सांगवत नाही.

नावांपलीकडचं एक उदाहरण देते, कारण ते आमच्या मातीतलं आहे. लातूर-धाराशिव भागात मार्गशीर्ष अमावास्येला येळवस असते. सगळी गावं शेतात जातात. कडब्याची कोप, म्हणजे खोपट, घालतात, आत पांडव मांडतात, भज्जी, आंबील, उंडे, खीर असा बेत असतो. वर्तमानपत्रं 'वेळा अमावास्या' लिहितात. कोणी म्हणतं यात कन्नडचा 'एळु' म्हणजे 'सात' आहे, म्हणून सातवी अमावास्या. पण चैत्रापासून मोजलं तर मार्गशीर्षातली नववी भरते. बरो-एमेनो उघडलं की कन्नड 'एळ्ळु' दिसतो, म्हणजे तीळ. कर्नाटकात याच दिवशी 'एळ्ळ अमावास्ये' असते आणि तिथलेही शेतकरी शेतातच जातात. त्यामुळे येळवस म्हणजे तिळाची अमावास्या, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही. 'वेळ'शी तिचा काही संबंध मला दिसत नाही. येळवशीच्या फ्लेक्सवर मी 'येळवस' असंच छापते आणि कोणी 'वेळा' करायला सांगितलं तर कारण समजावून सांगते.

त्या दिवशी शेताभोवती आंबील शिंपताना 'ओलगे ओलगे सालम पलगे' असं म्हणत फिरतात. लहानपणापासून आम्ही ते ओरडत आलो. एका शेतकरी गटाने स्नेहमेळाव्याच्या फ्लेक्सवर हे शब्द आणि खाली त्यांचा अर्थ मागितला. मी शोधायला बसले. कन्नडमध्ये 'होल' म्हणजे शेत, तेलुगूत 'पोलमु', दोन्ही एकाच कुळातले. कन्नडमध्येच 'ओळगे' म्हणजे आत. आणि 'होळिगे' म्हणजे पुरणपोळी, हे तर उदगीरच्या निम्म्या घरांना कोशाशिवाय माहीत आहे. तिन्ही शब्द त्या दिवसाला शोभतात: शेत आहे, शेताच्या आत फिरणं आहे, गोडधोड आहे. यातला कोणता एक खरा ते ठरवायला मला पुरेसा आधार दिसला नाही. मग फ्लेक्सवर ओळ छापली, अर्थ छापला नाही. गटाचे अध्यक्ष थोडे नाराज झाले. मी त्यांना तिन्ही शब्द कागदावर लिहून दिले आणि मेळाव्यात माइकवरून सांगा म्हटलं. त्यांनी सांगितलेही, आणि तिथल्या म्हाताऱ्या बायांनी त्यावर बराच वेळ बोलणं केलं म्हणे. छापून टाकलेल्या एका अर्थापेक्षा हे चांगलं झालं.

जमिनीच्या कागदांसाठीही हा संग्रह उपयोगी पडतो, थोडक्यात सांगते. इनाम जमिनीची प्रकरणं असलेली माणसं जुन्या कागदाचं मराठी टायपिंग करून घ्यायला येतात. 'मुन्तखब' म्हणजे अरबीत निवडलेलं. निजामाच्या राज्यात इनामाच्या चौकशीनंतर मिळणारा निर्णयाचा कागद. 'मदद-ए-माश' म्हणजे उपजीविकेसाठी मदत, त्यासाठी दिलेली जमीन. तारखा फसली, म्हणजे महसुली, सालात असतात. हैदराबादच्या फसली सालात ५९० किंवा ५९१ मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे १९४८च्या सप्टेंबरात १३५७ फसली चालू होतं. आझुर, दै, बहमन ही महिन्यांची नावं बघून टायपिस्ट गोंधळतात आणि ती माणसांची नावं समजून टाकतात. ते इराणी महिने आहेत, स्टाइनगासमध्ये बघता येतात. आपण रोज म्हणतो ते खरीप आणि रब्बीसुद्धा अरबीतून आलेत. खरीप म्हणजे शरद ऋतू, रब्बी म्हणजे वसंत, ज्या ऋतूत पीक हाती येतं त्याचं नाव. शेतकऱ्यांच्या संघटनेच्या दिनदर्शिकेत मी ही माहिती घातली तर ती कापून भिंतीला लावलेली एका घरात दिसली.

आता वापरायचं कसं. शोधाच्या चौकटीत देवनागरीत लिहिता येतं. पण यातले बहुतेक मराठी कोश १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधीचे आहेत, हे पक्कं ध्यानात ठेवा. 'नाव' मिळालं नाही तर 'नांव' लिहून बघा, 'गाव' ऐवजी 'गांव'. आपण 'तळं', 'केळं' म्हणतो तिथे त्यांचं 'तळें', 'केळें' असतं. क्रियापद 'करणें' असं अनुस्वारासह. बहुतेकदा शब्द असतो, आपण त्याला आजच्या कपड्यांत शोधत असतो. दुसरी सोय म्हणजे अर्थाच्या मजकुरातही शोध घेता येतो. मोल्सवर्थचे अर्थ इंग्रजीत आहेत, तेव्हा बैलासाठीचा इंग्रजी शब्द टाकला की ज्या ज्या नोंदीत बैल आलाय ते मराठी शब्द पुढ्यात येतात. औजारांच्या दुकानाची पाटी करताना मी असंच बघते. पेरणीच्या औजाराला दुसऱ्या भागातला माणूस 'पाभर' म्हणतो, आमचा 'तिफण', आणि आमच्या दुकानाच्या पाटीवर तिफणच यायला हवी. नोंदीसोबत छापील पुस्तकाचा पानक्रमांक असतो, त्यामुळे कोणी वाद घातला तर पान दाखवता येतं. शब्द कुठून आला, संस्कृत की फारसी की अरबी, याचीही खूण असते. दाते-कर्व्यांत गोवा, कोकण, वऱ्हाड अशा प्रांतांच्या खुणा आहेत.

अडचणीही आहेत. मी वर सांगितलेल्या कोशांत दाते-कर्वे सोडले तर अर्थ इंग्रजीत. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच आया-मावश्यांना ते वाचता येत नाहीत, मी वाचून सांगते तेव्हा त्यांना माझ्यावर विश्वास ठेवावा लागतो. स्टाइनगास आणि प्लॅट्समध्ये शब्द उर्दू-फारसी लिपीत आणि रोमन अक्षरांत, डोक्यावर-पायाखाली बारीक खुणांसह. ते वाचायची सवय व्हायला वेळ लागतो. फक्त मराठी कोशांत बघायचं असेल तर बृहद्कोश हे मराठीतलं संकेतस्थळ आधी उघडावं, ते मराठी वाचकाला सोपं आहे. शेजारच्या भाषांत शिरायचं झालं की मात्र शिकागोलाच यावं लागतं.

आणि एक मर्यादा कोशांचीच आहे, तिच्याबद्दल मला कळकळीने सांगायचंय. मोल्सवर्थचं काम मुंबई इलाख्यात झालं, आम्ही निजामाच्या राज्यात होतो. आमच्या बोलण्यातलं सगळं त्यात कसं येणार? शिवाय कोशात धातू असतो, त्याची बोलीतली सगळी रूपं नसतात. आमच्याकडे 'काय करलालाव?', 'कुठं निघलालाव?' असं विचारतात. 'करलालाव' कोणी कोशात मुख्य शब्द म्हणून शोधायला गेलं तर मिळणार नाही, 'करणें' मिळेल. माझ्या एका गिऱ्हाइकाची मुलगी मोठ्या शहरात शिकायला गेली. तिथे तिला कोणीतरी सांगितलं, असा शब्दच नसतो मराठीत. पोरगी सुट्टीत आली ती घरातसुद्धा तोलूनमापून बोलायला लागली. तिची आई माझ्याकडे येऊन म्हणाली, "ताई, तुमच्या त्या कॉम्प्युटरात बघा, हाय का नाही आपला शब्द." मी तिला सांगितलं की हे यात बघायचंच नाही. तुम्ही बोलता, तुमची आई बोलायची, बाजारातला माणूस बोलतो, तेव्हा शब्द आहे. कोशात लिहिलेला नसेल तर ते कोशाचं राहिलेलं काम आहे. तिला मी त्या मुलीसाठी तुलनात्मक कोशातल्या दोन-चार नोंदी छापून दिल्या. 'तूप' हा शब्द कन्नड 'तुप्प'शी सख्खा आहे आणि पुण्या-मुंबईत कोणालाच तो परका वाटत नाही, हे त्यात आहे. 'अडकित्ता'ही तिकडूनच आला. तिने ते हॉस्टेलच्या खोलीत लावलंय असं आईने सांगितलं.

म्हणून माझी पद्धत मी अशी ठेवली आहे. 'हा संस्कृत शब्द आहे' असं कोणी म्हटलं तर संस्कृत कोशात आधार बघायचा, नाही मिळाला तर संस्कृत म्हणून छापायचं नाही. कारण तिथे एका भाषेच्या नावाने दावा केलेला असतो आणि त्या भाषेची कागदपत्रं उपलब्ध आहेत. पण 'आमच्यात असं म्हणतात' असं कोणी म्हटलं, तर त्याच्याकडे कोश मागायचा नाही, नीट ऐकायचं आणि जसं म्हणतात तसं छापायचं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृतचा महाकोश १९४८ पासून चाललाय, पहिला खंड १९७६ला आला, आणि काम अजून 'अ'मध्येच आहे. एकेका शब्दाचा इतका शोध घेणारी माणसं आपल्याकडे आहेत. त्यांच्या शेजारी, क्षणात अर्थ देणाऱ्या ॲपवर बाळाचं नाव सोपवायला माझं मन धजत नाही.

पाचपैकी साडेचार देते. अर्धा गुण ठेवलाय तो मराठीतून वाचणाऱ्यांसाठी. शोधाच्या पानावरच्या सूचना आणि कोशांतल्या खुणांची यादी तरी मराठीत मिळाली, तर माझ्या दुकानात येणाऱ्या आजीला ते पान मी तिच्याच हातात देऊ शकेन.